पीडेची डिलिव्हरी

आमच्या ऑफिसात कुणाच्या घरी कोणी वारलं, की बातमी आणणारा आधी दारातून डोकावून बघायचा, ताई जागेवर आहेत का. असल्या, तर बातमी बाहेर चहाच्या टपरीवरच सांगून टाकायची, असा अलिखित नियम होता. कारण ताईंच्या कानावर ती गेली, की त्या चष्मा कपाळावर चढवणार, पेन अंबाड्यात खोचणार आणि अगदी डोळ्यांत पाणी आणून विचारणार, "निघाले, हे समजलं. पोचले काय?"

आता याला माणसानं काय उत्तर द्यावं? एकदा एका नव्या कारकुनानं भाबडेपणानं सांगितलं, "अजून काही निरोप नाही." ताईंनी समजूतदारपणे मान डोलावली. म्हणाल्या, "येईन निरोप. लांबचा माल आहे."

चेष्टा नव्हती ती. नागपुरात अमरावती रोडवर वाडीत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, आणि ताई तिथं मालाच्या बुकिंगला. उभं आयुष्य त्या खिडकीत बसून त्यांनी बिल्ट्या फाडल्या होत्या. बिल्टी म्हणजे माल कोणी पाठवला, कोणासाठी पाठवला आणि कुठं उतरवायचा ते लिहिलेली पावती. त्या धंद्यातून ताईंनी स्वतःपुरतं एक तत्त्वज्ञान काढलं होतं, आणि ते त्या देवाधर्मापासून फोडणीपर्यंत सगळीकडे लावत. "निघालं ते पोचलं पाहिजे. नाही पोचलं, तं कुठं तरी अडकलं आहे. अन् अडकलं आहे, तं कोणीतरी जाऊन पाहिलं पाहिजे."

साहेब एकदा देवदर्शन करून आले. लाडू वाटत ताईंपाशी थांबले.

"दर्शन झालं काय, साहेब?"

"एकदम समोरून झालं, ताई!"

"तुम्हाले त्याचं झालं हो. तुमचा नमस्कार त्याले पोचला काय?"

साहेबांनी हातातला लाडू परत डब्यात ठेवला. दुपारी मला केबिनमध्ये बोलावून हळूच म्हणाले, "यार, गर्दी खूप होती. खरंच पोचला असेल का?"

तर अशा ताई. पार्सलांशी बोलणाऱ्या. शिलाई मशीन बाहेरगावी चाललं असलं, की त्याच्यावर थाप मारून, "जाय बाई, नीट जाय." काचसामानाला वेगळी समज. "रस्त्यात धक्के बसतील, आपण घाबराचं नाही." फोन वाजला की "हॅलो" नाही. "हां, बोला, काय उतरलं नाही?" बरं, अशी बाई कामात ढिली असेल म्हणावं, तर तेही नाही. उलट इतकी कडक, की ट्रकवाले ऑफिसात शिरताना रेडिओ बंद करून येत.

आणि ही बाई कादंबरी लिहीत होती.

ते आम्हाला कळलं एका जेवणाच्या सुट्टीत. ताईंनी डबा संपवला, हात धुतले, कपाटावरून एक गुंडाळी काढली आणि उभ्या राहिल्या. कंपनीची दरवर्षी कॅलेंडरं उरत. समोर देवाचा फोटो, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ताई लिहीत. त्यामुळे वाचताना कॅलेंडर त्यांच्या तोंडासमोर यायचं आणि आम्हाला दिसायची ती कमळात बसलेली लक्ष्मी. लक्ष्मीच्या मागून ताईंचा आवाज यायचा. पुढं कित्येक महिने आम्ही ती कादंबरी अशीच ऐकली. अजूनही लक्ष्मीचा फोटो दिसला, की मला वाटतं, ही आता पुढचं प्रकरण सुरू करणार.

श्रोते आम्ही तिघं. साहेब, हमालांचा मुकादम आणि मी. मुकादम छत्तीसगडचा. मराठी बोलायचा नाही, पण समजायची सगळी, आणि रडायला आम्हा दोघांच्या आधी तयार.

कादंबरीचं बी नागपूरचंच होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. बांबूकागदाच्या दोन भल्या थोरल्या बायका, एक काळी, एक पिवळी. ढोलताशात सगळ्या जुन्या शहरातून त्यांना फिरवतात आणि लोक घसा फाडून आपापली पीडा त्यांच्या अंगावर घालतात. ईडा पिडा घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत! रोगराईपासून महागाईपर्यंत ज्याला जे नको असेल, ते तो ओरडतो. शेवटी मारबती जाळतात, लोक घरी जाऊन जेवतात. वर्षानुवर्षं हे चालू आहे आणि कुणालाही त्यात कधी शंका आलेली नाही.

ताईंना आली. पहिल्याच प्रकरणात त्यांची नायिका राखेजवळ उभी राहून म्हणते, "कागद जळला. बांबू जळला. पीडा कशी जळन? ती निघाली आहे, तं कुठं तरी उतरलीच असन."

आणि चालू लागते. धुरात शिरते आणि धुराच्या पलीकडे निघते.

नायिकेला नाव नव्हतं. नुसती 'बाई'. वय पन्नाशीच्या पुढं, गुडघे दुखतात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती का निघाली, तेही पहिल्याच दिवशी सांगून ताईंनी आम्हाला गळाला लावलं. त्या वर्षी गर्दीत बाईही काहीतरी ओरडली होती. जे ओरडली, ते खरंच निघून गेलं. आता तिला ते परत पाहिजे होतं. पण ती काय ओरडली होती, ते ताईंनी लिहिलंच नाही.

"काय ओरडली, ताई?" साहेबांनी विचारलं.

"सांगीन."

"सास को भेजी होगी," मुकादम म्हणाला.

"सासू कोणी परत मागते काय गा?" ताई म्हणाल्या आणि लक्ष्मी गुंडाळून ठेवली.

धुरापलीकडचा तो मुलुख काय वर्णावा! तिथं खोकल्यांचं एक गोदाम होतं. पोत्यांत भरलेले खोकले एकमेकांना जागं करत. भांडणांचा डोंगर होता, त्याच्यावर चढताना प्रत्येक दगड "मी काही बोललोच नव्हतो" म्हणायचा. एक कासव होतं, त्याच्या पाठीवर ताडपत्री, आणि ते रोज पोचायचं ते कालच्याच ठिकाणी. आम्ही तोंडात घास तसाच ठेवून ऐकत असू.

एकदा बाई एका गोठलेल्या दरवाजाशी अडकली. बर्फाचा दरवाजा, मंत्रानं उघडत नाही, तलवारीनं फुटत नाही. चांगले चांगले वीर तिथं उभे राहून काकडून गेलेले. आणि बाईच्या अंगातून वाफ निघाली! या वयात बायकांच्या निघते ना, ऐन थंडीत घामाघूम होऊन पंखा लावतात, तीच. बाईनं दरवाजाला पाठ टेकवली आणि दरवाजा वितळून वाहून गेला.

साहेब टेबलावरचा पेपरवेट निरखू लागले. मुकादमानं मात्र टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोला डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं म्हणे, की यावर इलाज नाही.

"वीस वर्षाच्या पोरीले हे जमलं असतं काय?" ताई आमच्यावर विजयी नजर टाकत म्हणाल्या. "काहून सगळे पोरीच पाठवतात गा मोठ्या प्रवासाले? त्याहिच्याजवळ सामान तरी असते काय?"

हेच त्यांनी पुढं सदर भागातल्या एका प्रकाशकाला ऐकवलं. मी सोबत गेलो होतो, कॅलेंडरं धरायला. तिथं एक तरतरीत मुलगी होती. तिनं दोन पानं वाचली, खरंच खूश झाली, आणि मग गोड आवाजात म्हणाली, "काकू, हिरॉईन जरा यंग करता येईल का? पंचविशीची?"

"नाही वं बेटा," ताई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या. "पंचविसाव्या वर्षी तिच्याजवळ पाठवाले काहीच नव्हतं."

आणि उठल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चांगली आहे पोरगी. अजून निघाली नाही, इतकंच."

लिहिण्याची त्यांची एक तऱ्हा होती. बाई जे करणार, ते आधी स्वतः करून बघायचं. बाई डोळे मिटून एक दरी ओलांडणार होती, तर ताई डोळे मिटून यार्डात चालल्या आणि संडासाच्या भांड्यांच्या क्रेटवर जाऊन आदळल्या. त्यातलाच धर्मकाट्याचा प्रसंग. आमच्या शेजारी ट्रक तोलायचा काटा होता. एका दुपारी ताई सरळ त्याच्यावर जाऊन उभ्या राहिल्या, मधोमध, पदर खोचून.

काटेवाला खिडकीतून ओरडला, "दीदी, इसपे ट्रक तुलता है!"

"तोल ना गा. मी दुसरं काय मागून राहिली?"

त्यानं तोललं. जुना काटा, त्याला बाईमाणूस म्हणजे माशी. हललाच नाही.

ताईंनी चष्मा पुसून ते शून्य पुन्हा बघितलं. "इतकी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बिल्ट्या फाडल्या. काहीच नाही?"

"मशीन छोटा वजन नहीं पकडता, दीदी."

दुसऱ्या दिवशीचं प्रकरण असं होतं. त्या मुलुखाच्या नाक्यावर रेड्याच्या तोंडाचा एक पहारेकरी बाईला काट्यावर उभी करतो, आणि काटा दहाचाकी ट्रकाएवढा खाली जातो.

"माल खाली कर," रेडा म्हणतो.

"मी रिकामीच आहे."

"रिकामी गाडी इतकी भरत नाही. काय आहे आत?"

मग बाई एकेक काढून रस्त्यावर ठेवू लागते. लग्नात कुणीतरी मारलेला टोमणा. न दिलेली उत्तरं, ती तर ढीगभर. आईचा शेवटचा फोन, जो तिनं "कामात आहे" म्हणून घेतला नव्हता. रस्ता भरून जातो. रेडा पुन्हा तोलतो. काटा अजून थोडा खालीच.

"अजून एक आहे."

"ते माझ्याजवळ नाही," बाई म्हणते. "ते तं मी पाठवून दिलं."

"पाठवलं, तं वजन कसं राहिलं?"

"पाठवलं म्हणूनच राहिलं."

त्या दिवशी साहेबांनी कुणालाच कामावर जा म्हटलं नाही. मुकादम डबा धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आता या नाटकातलं दुसरं पात्र. ताईंचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणे.

हिंगण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कारखान्यानं त्यांना वेळेआधी घरी बसवलं. पुढं घरचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला, आणि संध्याकाळी स्कूटरवरून ताईंना न्यायला येणं. वेळेच्या बरेच आधी यायचे आणि टपरीवर बसायचे. ऑफिसात पाऊल टाकायचे नाहीत. माणूस आडदांड, मनगटं ही एवढी, पण तोंडातून शब्द नाही. चहा पाहिजे असला तर एक बोट वर करायचे. मी त्यांना जन्मतः अबोल समजत होतो.

ज्या दिवशी बाई बर्फात अडकली, त्या संध्याकाळी मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भाऊजी, ताईंची बाई आज बर्फाच्या दरवाजाशी अडकली बुवा."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे वळले.

"मंग?"

तो मी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. ताई घरी त्यांना कादंबरी वाचून दाखवत नव्हत्या. बाई कोण, कुठं निघाली, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. तेव्हापासून तो माझा रोजचा प्रयोग झाला. दुपारी लक्ष्मीच्या मागून जे ऐकायचं, ते संध्याकाळी टपरीवर हातवारे करून सादर करायचं. रेड्याचा आवाज तर मी असा काढत असे, की रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायचे. मला हे असलं काम आधीपासूनच आवडतं.

आणि मग डबा बोलू लागला.

बाई लागोपाठ काही प्रकरणं उपाशी चालत होती. ताईंच्या डब्याला अचानक एक कप्पा वाढला. गोळाभात, वर चिंचेचं सार. बाईला नदी ओलांडताना ताप आला, तर दुसऱ्या दिवशी मुगाची मऊ खिचडी. ताई बुचकळ्यात. "मी कुठं बिमार आहो?"

गंमत झाली ती वाऱ्याच्या मुनिमाच्या वेळी. हा त्या मुलुखातला एक कुरळ्या केसांचा, मिठ्ठास बोलणारा माणूस. बाईला म्हणतो, कशाला पुढं जाता, इथंच राहा, तुमच्या गुडघ्यांना वारा घालतो. बाई त्याच्या ओट्यावर टेकलीसुद्धा. मी हे भाऊजींना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात आलं कारलं. मग भरलं कारलं. मग कारल्याचे काप. ताईंनी सगळ्यांना वाटून बघितलं, कोणी घेईना.

"काय झालं यांले? मळा घेतला काय कारल्याचा?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. ओठ चावून ओठ दुखायला आले. हे कोडं अख्ख्या वाडीत मला एकट्याला उलगडलेलं होतं, त्याचा माज काही औरच.

त्याच आठवड्यात वाऱ्याचा मुनीम विहिरीत पडला. आणि डब्यात पुडाची वडी आली, भरपूर सांबार घातलेली, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. कारलं आधी आलं आणि मुनीम विहिरीत नंतर पडला, इतकंच मी नोंदवलं. त्यातून जे निघत होतं, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

भाऊजी रोज सगळं ऐकून झालं, की एकच विचारायचे. "काय ओरडली होती, ते सांगितलं काय तिनं?"

"नाही ना."

मान खाली. स्कूटरला किक.

ताईंच्या रिटायरमेंटला थोडे दिवस उरले, तेव्हा एकदा त्यांनी स्कूटरला किक मारलीच नाही.

"तुले सांगतो गा," ते म्हणाले. "कंपनीनं मले घरी बसवलं, त्या वर्षीची मारबत. आम्ही दोघं गेलो होतो. मी तिच्या मागंच उभा. पिवळी आली समोर, अन् ही ओरडली. ढोल वाजून राहिले होते. ऐकू नाही आलं, पण पाहिलं मी. इतका जीव तोडून तिले देवापाशी काही मागतानासुद्धा नाही पाहिलं."

"मग?"

"मंग काय? मी तवा दिवसभर घरी. कारखान्याच्या गोष्टी सांगू सांगू तिचं डोकं खाऊन राहिलो होतो. मले समजलं. इनं मलेच पाठवलं."

मी हसणार होतो. पण त्यांची मनगटं बघून थांबलो, आणि मग चेहरा बघून.

"म्हणून म्हटलं, आपण आहो हे जास्त समजू नाही द्याचं. चूप राहाचं. स्वयंपाक कराचा. माणसाले आवाज नसला तं तो अर्धा जातेच, बाकीचा अर्धा खपून जाते."

"अहो भाऊजी, सरळ विचारा ना त्यांना!"

"विचारलं, अन् हो म्हणाली तं?" ते स्कूटरच्या आरशाकडे बघत म्हणाले. "आता म्हणते, पुस्तक संपलं, नोकरी संपली, का मी मोकळी. कशापासून मोकळी, ते नाही सांगत."

ताईंचा शेवटचा दिवस आला. शाल झाली, नारळ झाला. साहेबांच्या भाषणात 'आधारस्तंभ' हा शब्द इतक्यांदा आला, की मुकादम वर छताकडे बघू लागला. मग ताई म्हणाल्या, शेवटचं प्रकरण आहे, ऐकून घ्या. आणि लक्ष्मी उलगडली.

मी दाराकडे तोंड करून बसलो होतो, म्हणून मला दिसलं. भाऊजी टपरीवरून उठले, रस्ता ओलांडला, शटरमधून आत आले आणि कापडाच्या एका गाठीवर बसले. ताईंच्या तोंडासमोर कॅलेंडर. त्यांना काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

बाई शेवटच्या गोदामाशी पोचते. तिथं एक म्हातारी बसलेली असते, अर्धी काळी, अर्धी पिवळी. ती म्हणते, बरं झालं आलीस, मी थकली. हा पाट घे. इथं बसलं की गुडघे दुखत नाहीत, भूक नाही, घर आठवत नाही. पुष्कळ लोक डोंगरात जाऊन बसतात ते यासाठीच. बाई पाटाकडे बघते. पाट सुंदर असतो.

"नको," बाई म्हणते. "मी माझा माल सोडवाले आली."

"घेऊन जा. पण तोंडानं सांग. काय पाठवलं होतं?"

बाईनं तोंड उघडलं.

आणि ताई थांबल्या. आम्ही वाट बघतोय.

"पुढं, ताई?" साहेब म्हणाले.

"पुढचं पान कोरं आहे."

"काय ओरडली होती वं तू?"

आम्ही सगळे दचकलो. तो आवाज कारखान्यातल्या यंत्रांच्या वर चढवायला कमावलेला होता, आणि इतकी वर्षं तो त्या माणसानं कुठं ठेवला होता कोण जाणे. कपाटाच्या काचा वाजल्या.

ताईंनी कॅलेंडर खाली घेतलं नाही. लक्ष्मीच्या मागूनच म्हणाल्या, "तुमची बडबड."

"काय?"

"म्हटलं, यांची बडबड घेऊन जा गे मारबत. चेष्टेत म्हटलं हो. लोक सासू पाठवून राहिले होते, साहेब पाठवून राहिले होते. मी म्हटलं, घंटाभर तरी घेऊन जाय. अन् दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही चूप. डॉक्टर म्हणे, घसा ठीक आहे. मग समजलं, पोचली. इतका माल रवाना केला मी आयुष्यभर, कोणता फुटला, कोणता हरपला. अन् हीच एक गोष्ट बरोबर पत्त्यावर पोचली."

बाहेर एक ट्रक मागं घेत होते, त्याचा क्लीनर "आने दो, आने दो" करत होता.

"बडबड?" भाऊजी म्हणाले. "मले वाटलं, मलेच."

आता लक्ष्मी खाली आली. "तुम्हाले? तुम्हाले पाठवून मी काय करू? स्वयंपाक कोण करन?"

"तवा स्वयंपाक तूच करत होती."

"तेच तं!" ताई म्हणाल्या, आणि शालीनं डोळे पुसले.

मुकादम आधीच रडत होता. तो नाक ओढत म्हणाला, "तो अब माल छुड़ा लो ना, दीदी. सामने तो रखा है."

आणि भाऊजी बोलू लागले. आधी फोरमनची गोष्ट. मग त्या फोरमनच्या जागी आलेल्या दुसऱ्या फोरमनची. ग्रीसच्या डब्यात कोणीतरी श्रीखंड ठेवलं होतं, ती. नारळ, शाल, हार स्कूटरला बांधेपर्यंत ते बोलत होते, ताईंना मागं बसवून बोलत होते, आणि स्कूटर अमरावती रोडच्या गर्दीत दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता.

निघण्याआधी मी ताईंना एका कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, तुम्हाला एक गुपित सांगायचं आहे, भाऊजींना कादंबरी रोज कळत होती. ताईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अन् कोणाच्या हातानं कळणार होती गा? तुले काय वाटलं, मी कारलं ओळखत नाही? तो मुनीम काय आपोआप पडला विहिरीत?" मग माझ्या पाठीवर थाप मारली, शिलाई मशीनला मारायच्या तशीच. "चांगली गाडी आहेस तू. माल फोडला नाहीस."

इतके महिने मी स्वतःला नाटकाचा सूत्रधार समजत होतो. निघालो ट्रक.

कादंबरी छापली नाही. नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा कॅलेंडरं माळ्यावर गेलेली होती. मी म्हटलं, ताई, आता दुसरा प्रकाशक बघू. त्या म्हणाल्या, "ज्याच्या नावानं होती, त्याच्या घरी उतरली. दुसऱ्याचा माल वाटत फिरते काय कोणी?" आतून भाऊजी मोठ्यानं काहीतरी सांगत होते. कोणाला, ते समजलं नाही. बहुधा भाजीला.

त्या वर्षीच्या मारबतीला ते दोघं मला इतवारीच्या गर्दीत दिसले. काय तो धुरळा, काय ते ढोल! माणसं खिडक्यांत, गच्च्यांवर, खांबांवर. भाऊजी ताईंच्या शेजारी उभे राहून, ढोलांच्या वर आवाज चढवून, फोरमनची गोष्ट सांगत होते. पिवळी कोपऱ्यावरून वळली आणि सगळी इतवारी एका तोंडानं ओरडली. ताप घेऊन जा! कर्ज घेऊन जा! खड्डे घेऊन जा गे मारबत!

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि वरून दोन्ही हात दाबून धरले होते. डोळे मारबतीवर. मी कानाशी जाऊन ओरडलो, "ताई, काही द्यायचं नाही का?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली, आणि डोळ्यांनीच नवऱ्याकडे खूण केली. तोंड उघडण्याची सोय नव्हती. शेजारून गोष्ट चालूच होती.

पिवळी समोरून गेली. लांब गेली. वळणाआड तिचं डोकं दिसेनासं झालं. तरी ताईंनी टाचा उंच करून नीट खात्री करून घेतली. मग पदर बाहेर काढला, ओला झालेला पिळला, नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"मंग?"